अठ्ठेचाळीस सपाट बुचं

१

"पुन्हा. पुन्हा गरम खोलीच्या सपाता इथे बाहेरच्या दाराशी," कार्यालय सांभाळणाऱ्या हिदाकाबाई चपलांच्या कपाटात डोकं घालून पुटपुटत होत्या. "पाच वर्षांच्या पोरालाही कळतं, कुठल्या खोलीत काय घालायचं. आणि इथे एकेकाच्या नावापुढे पदव्यांची ही एवढी माळ."

तोमोए सामेशिमा शेजारीच कोट खुंटीला अडकवत होती. जानेवारीतल्या गुरुवारची सकाळ, पावणेआठचा सुमार. एकोणीस वर्षं या केंद्रात काचेच्या बाटल्या धुऊन तिची बोटं अशी झाली होती की थंडीत त्यांना मुंग्यासुद्धा यायच्या नाहीत.

"जाता जाता ठेव गं तिकडे." हिदाकाबाईंनी निळ्या रबरी सपातांचा जोड तिच्या हातात दिला. "आणि त्यांना काही म्हणू नकोस."

"मी कधी म्हणते?"

"तसं नाही. मार्चपर्यंत तरी."

केंद्र म्हणजे शिओगाहामाच्या किनाऱ्यावरची दुमजली, खाऱ्या वाऱ्याने रंग उडालेली इमारत. किनाऱ्यावरच्या वाळूखालून कढत पाणी वर येतं. गावातल्या बायका त्या वाळूत पाहुण्यांना गळ्यापर्यंत पुरून शेकतात, त्यावरच अर्ध्या गावाची चूल पेटते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्याच कढत खाऱ्या पाण्यात आरिमुरा सेन्सेईंना, म्हणजे इथल्या सरांना, एक जीवाणू सापडला. हवा लागली की मरतो, पाणी सत्तर अंशांच्या आसपास असलं की खुशीत वाढतो, आणि खातो काय, तर कार्बन मोनॉक्साइड. ना वास, ना रंग, आणि माणूस मात्र त्याने बसल्या जागी संपतो. "आपलं मरण तो त्याचा भात," असं तोमोए नवीन आलेल्यांना सांगायची. ते हसायचे, मग जरा बेताने हसायचे.

हे जीवाणू बाटल्यांत वाढवायची गरम खोली कॉरिडॉरच्या टोकाला होती. स्वतःच्या सपाता उंबऱ्याशी काढायच्या आणि आतल्या निळ्या घालायच्या, असा तिथला नियम. उंबऱ्याशी सपातांचे दोन जोड होते, ती खोली सांभाळणाऱ्या शुनपेईचा हिरवा आणि शेजारी एक तपकिरी. दोन्हींची तोंडं बाहेरच्या बाजूला वळवून, पट्टी लावल्यासारखी नीट. तोमोएने निळा जोड खाली ठेवला, तपकिरी उचलला, पुसला आणि दोन दारं पलीकडे त्याच्या जागी नेऊन ठेवला. आठवड्यातून दोनदा तरी हे व्हायचं. हातांचं काम होतं ते, डोक्याचं नव्हे.

परत आली तेव्हा तिच्या मनात आलं, शुनपेईचा हिरवा जोड इतक्या सकाळी इथे कसा? तो तर साडेआठशिवाय उगवत नाही.

दाराला लहानशी काच होती. तिने आत पाहिलं. आधी एक निळी सपात दिसली, उलटी पडलेली. मग पाय.

२

केंद्राचा उपसंचालक किरिनो धावत आला. श्वास रोखून आत शिरला, खिडक्या उघडल्या, कार्बन मोनॉक्साइडच्या सिलिंडरचा कॉक बंद केला. करायचं ते सगळं त्याने बरोबर केलं, फक्त चौदा तास उशिरा. शुनपेई साकोदा बुधवारी संध्याकाळीच गेला होता. वय तेहतीस. डॉक्टर म्हणाले, त्याला काही कळलं नसेल, जरा डोकं दुखलं असेल आणि झोप आली असेल. पुढचे चार दिवस केंद्रातले सगळे एकमेकांना हेच वाक्य सांगत होते, जणू ते प्रत्येकाला नव्यानेच कळलं होतं.

सोमवारी शहरातून कामगार सुरक्षा कार्यालयाचा योत्सुमोतो आला. हडकुळा, मऊ बोलणारा माणूस. दर साक्षीला एक संत्रं सोलायचा आणि सालीची फुलं करून बशीत ठेवायचा. बैठकीच्या खोलीत चहा न्यायचं काम तोमोएकडे होतं, त्यामुळे तिला बरंच ऐकू आलं.

आधी किरिनो. चव्वेचाळीस वर्षांचा, टाय घट्ट बांधलेला.

"रोज सकाळी नऊला बाटल्यांमधला साचलेला गॅस सुई टोचून सोडतात," तो सांगत होता. "संध्याकाळी पाचला नवा कार्बन मोनॉक्साइड भरतात. त्यांचं रात्रीचं जेवण म्हणा. शुनपेईचंच काम ते. बुधवारी तो ओहोटी बघून वाळूवर गेला होता, गरम पाण्याचे नमुने आणायला. सेन्सेई सव्वापाचला टॅक्सीने घरी गेले. मी आणि हिदाका-सान साडेपाचला निघालो. तो सहाला परत आला असणार."

"आणि मग?"

"कॉक उघडला, बाटल्या भरल्या, बंद करायचा विसरला. मला सापडला तेव्हा कॉक उघडा होता, नळी मोकळी लोंबत होती. दुसरं काय असणार?"

"अलार्म?"

"चालू आहे. आपण तपासलात." किरिनोने कपाकडे बघितलं. "त्याला ऐकू आला नसेल."

त्याच्यानंतर केंद्रप्रमुख आरिमुरा सेन्सेई. वय सहासष्ट, मार्चअखेर निवृत्ती. पांढरे केस, जुना लोकरी कोट. अर्धा तास ते जीवाणूंवर बोलले आणि असं बोलले की योत्सुमोतो संत्रं सोलायचं विसरला. पाण्याचा कण तोडून त्यातून जीव कसा चालतो, हे त्यांनी काडेपेटीतल्या काड्या मांडून दाखवलं. मधेच त्यांनी पाहुण्याला विचारलं, आपण कुठून आलात? आणि चहा संपल्यावर पुन्हा विचारलं, आपण कुठून आलात? दोन्ही वेळा तितक्याच आपुलकीने.

"शहरातून. हिवाळ्यात गाडीला उशीर होतोच," योत्सुमोतोने दुसऱ्या वेळी उत्तर दिलं.

संध्याकाळपर्यंत अहवालाचा मसुदा तयार झाला. दोन पानं. शेवटच्या ओळीत कारण होतं, 'मृताचा स्वतःचा निष्काळजीपणा.' खाली सहीच्या जागी केंद्रातल्या चौघांच्या नावाचे शिक्के हवे होते, आणि मृताच्या आईचा. बुधवारी दुपारी दोनची वेळ ठरली.

तोमोए कप गोळा करत होती. योत्सुमोतोने तिच्यापुढे एक कागद सरकवला. गरम खोलीचा तपासणीचा तक्ता होता तो, गेल्या आठवड्याचा. कॉक बंद, खिडकी बंद, अलार्म चालू. दर दिवसापुढे पाच लाल शिक्के, त्यांतला एक तिचा.

"सामेशिमा-सान, मला एवढंच समजवा," तो हळूच म्हणाला. "साकोदा-सान बुधवारी गेले. मग शुक्रवारच्या रकान्यात त्यांचा शिक्का कुणी मारला?"

३

मंगळवारी फुमि साकोदा वाळू ओढत होती. फुमि म्हणजे शुनपेईची आई, आणि तोमोएची शाळेपासूनची मैत्रीण. दोन पाहुणे सुती अंगरखे घालून वाळूत आडवे होते, डोक्याला पंचा गुंडाळलेला, आणि फुमि लांब दांड्याच्या फावड्याने त्यांच्या अंगावर वाफाळती वाळू चढवत होती. एक फावडं पोटावर, एक पायांवर. तिचा हात जराही चुकत नव्हता.

"आज कामावर?" तोमोएने विचारलं.

"घरी काय करू? घरी वाळू नाही."

पाहुणे उठून गेल्यावर दोघी छपराखाली बसल्या. फुमिने वाफेवर शिजलेलं रताळं मोडून अर्धं तिला दिलं. दोघींनी ते हातात धरून ठेवलं. समुद्रावर पलीकडच्या ज्वालामुखीची राख पातळ उडत होती.

"बुधवारी तो इथेच होता," फुमि म्हणाली. "समोर, तिथे. थर्मासात पाणी भरत होता. साडेपाच झाले असतील. रताळं दिलं तर उभ्याने खाल्लं. म्हटलं, बस की मेल्या जरा, आई आहे, साहेब नाही. तर म्हणाला, उशीर झालाय, मागचं आवरायचंय. रोज पाचला बघावं लागतं."

"काय बघावं लागतं?"

"मला काय सांगायचा तो? मला त्यातलं काय कळतंय?" फुमिने रताळ्याची साल काढायला घेतली. "किरिनो-सान येऊन गेले काल. उदबत्ती लावली, नीट वाकले, रडलेसुद्धा थोडे. मग कागद काढला. त्यात लिहिलंय, तो विसरला."

तोमोएने रताळं मांडीवर ठेवलं.

"बाप मेला तेव्हा सात वर्षांचा होता. तेव्हापासून घरातून निघताना गॅसचा कॉक तीनदा बघायचा. मी चिडवायचे, अरे, कॉक पळून जातो का रे तुझा? तरी तिसऱ्यांदा जाऊन बघायचा." फुमिने साल बाजूला टाकली. "माणूस विसरतो, तोमो. मी म्हणत नाही की विसरत नाही. तू रोज त्याच्यासोबत होतीस. तू सांग. तो विसरला का?"

"फुमि..."

"तू हो म्हणालीस तर उद्या शिक्का मारीन. तुझ्यावर रागावणार नाही. मला रागच येत नाहीये. काहीच येत नाहीये. फक्त एवढंच कळू दे."

तोमोए रताळं कागदात गुंडाळून परत केंद्रात आली. बाटल्या धुवायच्या होत्या.

४

गरम खोलीतल्या बाटल्या ढकलगाडीवर तिच्या मोरीत येऊन थांबल्या होत्या. अठ्ठेचाळीस. तपासणीपुरती योत्सुमोतोने त्यांची छायाचित्रं घेतली होती आणि मोकळ्या केल्या होत्या. खोलीची वीज गुरुवारीच तोडली होती. आतले जीव थंडीने कधीच निजले होते. प्रत्येक बाटलीच्या तोंडाला करडं रबरी बूच, त्यावर धातूची कडी.

तोमोएने पहिली बाटली उचलली, कडी काढायला चिमटा लावला आणि तिचा हात थांबला.

काहीतरी नेहमीसारखं नव्हतं. काय, ते तिला लगेच सांगता आलं नसतं. एकोणीस वर्षं एकच गोष्ट बघणाऱ्याला ती दिसेनाशी होते, पण ती नसली की मात्र टोचते.

रात्री जेवलेल्या बाटलीचं बूच सकाळी फुगलेलं असतं. जाळीवर भाजायला ठेवलेला मोची नावाचा तांदळाचा गोळा जसा मधोमध टुम्म होतो, तसं. कारण हे जीवाणू एक वाटा गॅस खातात आणि त्याच्या जागी दोन वाटे सोडतात, हायड्रोजन आणि दुसरा एक. सेन्सेईंनीच तिला पहिल्या वर्षी समजावलं होतं, काडेपेटीच्या काड्या मांडून. बाटली गार झाली तरी बूच खाली बसत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात तीन दिवस वीज गेली होती, तेव्हाही बुचं तशीच फुगलेली राहिली होती.

ही बुचं सपाट होती.

बोटांवर तिचा भरवसा नव्हता. तिने लोखंडी पट्टी आणली, एकेका बुचावर आडवी ठेवली आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून खालून बघितलं. फट नाही. दुसरी बाटली, फट नाही. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस तिने बघितल्या. मधे चहाची वेळ झाली आणि निघून गेली.

बुधवारी सकाळी नऊला शुनपेईने गॅस सोडला होता. तेव्हा ती स्वतः शेजारी उभी होती, बुचं खाली बसताना तिने पाहिली होती. संध्याकाळी नवा गॅस भरला असता तर गुरुवारपर्यंत ती पुन्हा फुगायला हवी होती. म्हणजे बुधवारी संध्याकाळी बाटल्यांना कुणी जेवायला घातलंच नाही. शुनपेईने गॅस भरायला कॉक उघडला आणि बंद करायचं विसरला, हे घडलंच नाही. तो आत गेला तेव्हा कॉक आधीच उघडा होता.

मग तो उघडला कुणी?

तोमोए मोरीच्या कडेवर बसली. पाय आपोआप सपातांतून सुटले. तिने खाली पाहिलं. तिच्या सपाता खोलीकडे तोंड करून वेड्यावाकड्या पडल्या होत्या. शुनपेई असता तर येता-जाता वाकून वळवल्या असत्या त्याने. आईने लावलेली सवय. दारात कुणाचीही पादत्राणं दिसली की त्यांची तोंडं बाहेर करायची, म्हणजे निघताना माणसाला पाय सरळ घालता येतात.

गुरुवारी सकाळी उंबऱ्यावरचे दोन्ही जोड वळवलेले होते. हिरवा आणि तपकिरी.

तपकिरी जोड शुनपेईने वळवला, म्हणजे तो आत जाण्याआधीच तपकिरी जोड तिथे होता. त्या जोडाचा मालक कधीच सपाता वळवत नसे. हल्ली तर तो त्या पायात घालायलाही विसरायचा आणि निळ्याच घालून बाहेरच्या दारापर्यंत जायचा. शुनपेईला वाटलं असणार, मालक अजून आतच आहे. म्हणूनच त्याने सपाता वळवून ठेवल्या, आणि काळजीने दार उघडलं.

आणि तो तपकिरी जोड तोमोएने स्वतःच्या हाताने उचलून जागेवर ठेवला होता. पुसून.

५

"सोमवारी सकाळीच," हिदाकाबाई म्हणाल्या. त्यांच्या टेबलाच्या खणात पाच शिक्के पाच कप्प्यांत उभे होते. "पूर्ण आठवड्याचे एकदम मारते मी. तूच नाही का दिलास मला तुझा शिक्का? म्हणालीस, ओल्या हातांनी डाग पडतात."

"दिला. मी नाही कुठे म्हणतेय?"

"मग?"

"आणि त्या निळ्या सपाता, गुरुवारी सकाळच्या. कुणाच्या कप्प्यात होत्या?"

हिदाकाबाईंनी खण लावला. मग उघडला, मग पुन्हा लावला.

"कशाला हे उकरतेस? सव्वादोन महिने राहिलेत. अठ्ठावीस वर्षं, तोमोए-सान. या गावात गरम वाळूशिवाय होतं काय? तुझा नवरा गेला तेव्हा तुला इथे कुणी आणलं?"

"त्यांनीच."

"मग?"

तोमोए मागच्या अंगणात गेली. किरिनो गाडीच्या काचेवरची राख झटकत होता. ती काच आधीच स्वच्छ होती.

"किरिनो-सान, अलार्मचा सेल कधी काढला होतात?"

तो वळला नाही. "नोव्हेंबरात. सकाळी बाटल्यांतला हायड्रोजन सोडला की बोंबलायचा. तो हायड्रोजनलाही कार्बन मोनॉक्साइडच समजतो, मूर्ख. रोज सकाळी नऊला. तुम्हीच म्हणाला होतात, डोकं उठतं."

"म्हणाले होते."

"हिदाका-सानही म्हणाल्या. शुनपेईसुद्धा म्हणाला." त्याने फडकं घडी केलं. "गुरुवारी रुग्णवाहिका यायच्या आत मी नवा सेल घातला. हात आपोआप गेला, शपथ. मी विचार केला नव्हता."

"मीही नव्हता केला." तिने सपातांचं सांगितलं. मग बुचांचं.

किरिनो गाडीला टेकला. त्याचा चेहरा बदलला नाही. पाच दिवसांत कुणाचाच बदलला नव्हता.

"रोज पाचला सेन्सेई बाटल्यांतली आपली पोरं बघायला जायचे," तो शेवटी म्हणाला. "आत जाऊन सवयीने कॉक उघडायचे, आणि मग कशाला आलो, तेच... शुनपेई लगेच मागे जायचा. आम्ही ठरवलं होतं तसं. म्हणजे ठरवलं नव्हतं, पण तसं चाललं होतं. बुधवारी ओहोटी नेमकी त्याच वेळी आली."

"आणि तुम्ही साडेपाचला निघालात."

"मला वाटलं, हिदाका-सान बघतील. त्यांना वाटलं, तुम्ही."

"मी साडेचारलाच जाते, किरिनो-सान. एकोणीस वर्षं."

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "उद्या काय बोलणार तुम्ही?"

६

बुधवारी दुपारी दोनला बैठकीच्या खोलीत सगळे जमले. योत्सुमोतो, त्याच्यासमोर अहवाल आणि लाल शाईची डबी. किरिनो. हिदाकाबाई, मांडीवर शिक्क्यांचा खण. आरिमुरा सेन्सेई खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीत. दाराजवळ फुमि, काळ्या किमोनोत, हातात कापडी पिशवी, पिशवीत तिचा शिक्का.

तोमोएने प्रत्येकापुढे चहा ठेवला. मग मोरीतून एक बाटली आणि लोखंडी पट्टी आणून टेबलावर ठेवली, आणि जिथे ती कधीच बसत नसे तिथे, शुनपेईच्या रिकाम्या खुर्चीत बसली.

"शिक्क्यांच्या आधी मला थोडं सांगायचंय," ती म्हणाली.

"सांगा," योत्सुमोतो म्हणाला. त्याने संत्रं काढलं नाही.

तिने सांगितलं. आवाज सपाट होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. तक्त्यावरचे शिक्के सोमवारीच मारले जातात आणि त्यांतला एक तिचा असतो. अलार्ममध्ये नोव्हेंबरपासून सेल नव्हता. गुरुवारी सकाळी घातला. यावर किरिनोने मान खाली घातली आणि "मी घातला," असं म्हणाला, तिला नाव घ्यावं लागलं नाही. मग तिने बाटली उचलली, बुचावर पट्टी ठेवली आणि खिडकीकडे धरली.

"फट दिसतेय का?"

"नाही," योत्सुमोतो म्हणाला.

"जेवलेल्या बाटलीचं बूच फुगतं. ही जेवली नाही. एकही जेवली नाही. शुनपेईने कॉक उघडलाच नाही. तो आत गेला तेव्हा खोली गॅसने भरली होती आणि अलार्म मुका होता."

फुमिचा हात पिशवीवर होता. तो तिथेच राहिला.

"वा," खिडकीजवळून आवाज आला. आरिमुरा सेन्सेई पुढे झुकले होते. डोळ्यांत जुनं तेज होतं, व्याख्यान देताना असायचं तसं. "वा, तोमोए-सान. बरोबर. एकाचे दोन. दाब वाढलाच पाहिजे. नाही वाढला तर खाल्लं नाही, खाल्लं नाही तर दिलं नाही. निर्दोष मांडणी. मी विद्यार्थ्यांना हेच सांगतो, यंत्रावर नको, बुचावर विश्वास ठेवा."

योत्सुमोतोने लाल शाईची डबी मिटली.

"म्हणजे आणखी कुणीतरी आधी आत गेलं होतं," योत्सुमोतो हळूच म्हणाला. "कॉक उघडला आणि तसाच ठेवून निघून गेलं. कोण, ते कळू शकेल का, सामेशिमा-सान?"

हिदाकाबाईंनी किटली उचलली आणि भरलेल्याच कपात चहा ओतायला लागल्या. चहा बशीत उतरला. किरिनो टेबलाची कड बघत होता. तोमोएने फुमिकडे पाहिलं. फुमि तिच्याचकडे बघत होती, वाळूवर बघत होती तशीच. विसरला का?

"उंबऱ्याशी दुसरा एक सपातांचा जोड होता," तोमोए म्हणाली. "तपकिरी. तो मी उचलला. शुनपेईने तो वळवून ठेवला होता. म्हणजे त्या जोडाचा माणूस त्याच्या आधी आत जाऊन आला होता, आणि परत जाताना गरम खोलीच्या निळ्याच सपाता घालून गेला होता. निळ्या सपाता बाहेरच्या दाराशी सापडल्या."

"माझ्यासारखंच आहे बुवा कुणीतरी," सेन्सेई हसून म्हणाले. त्यांच्या पायात तपकिरी सपाता होत्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, माणसं मोजल्यासारखी, आणि त्यांच्या कपाळावर एक आठी आली. "पण आपण इतका खल का करतोय? रोज त्या खोलीत असतो तोच सांगेल की. शुनपेईला बोलवा. कुठे गेलाय तो? वाळूवर?"

हिदाकाबाईंनी किटली खाली ठेवली. सव्वादोन महिने, तोमोएच्या मनात आलं. सव्वादोनच महिने होते. बशीतला चहा टेबलावर आला होता, एरवी तिने तो लगेच पुसला असता.

"वाळूवर नाही, सेन्सेई," ती म्हणाली. "शुनपेई वारला. गेल्या बुधवारी. तुम्ही कॉक उघडा ठेवलात, रोज ठेवता, आणि तो रोज मागून येऊन बंद करायचा. तो विसरला नाही, फुमि. विसरतात ते सेन्सेई. आणि आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं."